धिंगरीची पारख : लाकडावरची अळिंबी ओळखायची कशी?

पावसाने आठ-दहा दिवस सलग झड धरली की पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर, कुजत चाललेल्या फांदीवर किंवा तोडलेल्या झाडाच्या खुंटावर पांढऱ्या-करड्या पंख्यांचे थर उगवतात. बाजारात पाकिटात मिळणारी धिंगरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वाटते, ‘ही तर तीच!’ कधी ती तीच असते, पुष्कळदा नसते. लाकडावर वाढणारी, पंख्याच्या आकाराची आणि खाली कल्ले असलेली अळिंबी एका घराण्यातली नाही. वेगवेगळ्या वंशांच्या कवकांनी तोच आकार स्वतंत्रपणे धारण केला आहे. त्यांत खाण्याजोगी आहेत, चामड्यासारखी चिवट आहेत आणि विषारीही आहेत.

धिंगरी म्हणजे शास्त्रीय भाषेत ‘प्लुरोटस’ ही प्रजाती. ती ओळखण्याची एक रीत आहे आणि थोडी सवय केली तर ती कोणालाही जमते. रीतीचे सूत्र साधे आहे : वरून नव्हे, खालून पाहावे, आणि एकाच खुणेवर निर्णय कधीही देऊ नये.

प्रजाती एक, जाती अनेक

या गटातली सर्वांत प्रसिद्ध जाती म्हणजे प्लुरोटस ऑस्ट्रिएटस. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस फॉन जॅक्विन यांनी अठराव्या शतकात तिचे वर्णन केले, तेव्हा कल्ले असलेली जवळजवळ सगळी अळिंबी ‘अ‍ॅगेरिकस’ या एकाच नावाखाली घातली जात असे. १८७१ मध्ये जर्मन धर्मोपदेशक पॉल कुमर यांनी तिला प्लुरोटस प्रजातीत आणले आणि आजही ती तिथेच आहे.

ऑस्ट्रिएटस थंडीत फळते. समशीतोष्ण प्रदेशातल्या रुंद पानांच्या झाडांवर, शरद ऋतू सरता सरता, ती करड्या-निळसर झुबक्यांनी येते. तिची जवळची नातलग प्लुरोटस पल्मोनेरियस अधिक फिकट, पातळ आणि उबदार हवेत फळणारी. उष्ण कटिबंधात प्लुरोटस डजामोर भेटते. तिचे गुलाबी रूप डोळ्यांत भरणारे असते, पण तिची पांढरी रूपेही आहेत. पूर्व आशियात पिवळीधमक सिट्रिनोपायलिएटस आहे. एरिंगी ही जाती ओंडक्यावर न येता कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातल्या वनस्पतींच्या मुळांवर वाढते, तिचा देठ जाडजूड आणि जवळजवळ मध्यावर असतो. ट्युबर-रेजियम जमिनीखाली कठीण कंद तयार करते. सिस्टिडिओसस जातीच्या कवकजालावर बारीक दांड्यांच्या टोकाशी काळे थेंब दिसतात. ते थेंब म्हणजे अलैंगिक बीजाणूंचे पुंजके असतात.

इतकी विविधता असताना या सगळ्या जाती एका प्रजातीत का? याचे उत्तर छत्रीच्या खाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडते.

आधी लाकूड पाहा

अळिंबी कापण्यापूर्वी ती कशावर उगवली आहे ते पाहावे. झाड कोणते, जिवंत की मेलेले, रुंद पानांचे की सूचिपर्णी, लाकूड ताजे की भुसभुशीत, याची नोंद करावी. वारुळाच्या मातीतून वर येणारी अळंबी, विदर्भात जिला सात्या म्हणतात, ती निराळ्या प्रजातीची आहे. तिचा आणि धिंगरीचा काही संबंध नाही.

लाकडाचा रंगही बोलतो. लाकूड मुख्यत्वे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते. लिग्निनमुळे त्याला ताठपणा येतो आणि लिग्निन पचवणे ही फार थोड्या सजीवांना साधलेली गोष्ट आहे. काही बुरशा सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे सोडतात. मग लाकूड तपकिरी होते आणि त्याला चौकोनी भेगा पडतात. धिंगरी दुसऱ्या गटातली. लॅकेस आणि मँगनीज पेरॉक्सिडेज यांसारख्या विकरांच्या जोरावर ती लिग्निन फोडते. तिने व्यापलेले लाकूड फिके, तंतुमय आणि हलके होत जाते. याला ‘पांढरी कुज’ म्हणतात. अळिंबीच्या बुडाशी लाकडाचा छिलका काढून पाहिला आणि आत तपकिरी चौकोनी भेगा दिसल्या, तर ती धिंगरी असण्याची शक्यता तिथेच कमी होते. पांढरी कुज दिसली म्हणून मात्र धिंगरी सिद्ध होत नाही, कारण अशी कुज करणारी इतरही पुष्कळ कवके आहेत.

मग खालची बाजू

आता एक पंखा बुडासकट, चाकूने अलगद सोडवून घ्यावा आणि उलटा करावा. धिंगरी झुबक्याने येते, छत्र्या कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या असतात. त्यामुळे एकाच झुबक्यात कोवळी, भरात आलेली आणि जून अशी तिन्ही वयांची अळिंबी मिळते. ओळख पटवताना तिन्ही हवीत. वयानुसार रंग, कड आणि आकार इतका बदलतो की नुसत्या एका नमुन्यावरून जाणकारही चुकतो.

उलट्या छत्रीवर पाते-पाते उभे दिसतात ते कल्ले. धिंगरीचे कल्ले छत्रीच्या कडेपासून निघून देठावर खालपर्यंत उतरत जातात. देठाशी येऊन ते एकदम तुटत नाहीत, हळूहळू बारीक होत देठाच्या पृष्ठभागात विरतात. त्यांची कड सलग, गुळगुळीत असते, करवतीसारखी दातेरी नसते. पूर्ण लांबीच्या दोन कल्ल्यांमध्ये आखूड कल्ले भरलेले असतात.

देठ सहसा मधोमध नसतो. तो एका बाजूला सरकलेला, आखूड किंवा अगदी नावापुरता असतो. ओंडक्याच्या बाजूवर उगवताना छत्रीला बाहेरच्या अंगाने पसरावे लागते, म्हणून हा तिरकेपणा. तीच जाती ओंडक्याच्या वरच्या सपाट भागावर उगवली, तर देठ बराचसा मध्यावर येऊ शकतो. देठाच्या बुडाशी पिशवी नसते आणि बहुतेक जातींत देठावर कडेही नसते. ड्रायनस जाती याला अपवाद आहे. तिच्या कोवळ्या छत्रीच्या कडेपासून देठापर्यंत पातळ पडदा असतो आणि त्याचे अवशेष पुढे कडेवर राहतात.

छत्रीचा गर पांढरा, कोवळेपणी लुसलुशीत असतो. वरचा पृष्ठभाग सहसा गुळगुळीत असतो, त्यावर ठळक खवले नसतात. काही जातींना बडीशेपेची मंद छटा असलेला गोडसर वास येतो. वास ही उपयोगी खूण आहे, पण ती दुय्यम, कारण प्रत्येकाचे नाक निराळे आणि जून अळिंबीचा वास कोवळीपेक्षा वेगळा.

बीजाणूंचा ठसा

घरबसल्या करता येण्याजोगी सर्वांत विश्वासाची चाचणी म्हणजे बीजाणूंचा ठसा. यासाठी अर्धा काळा आणि अर्धा पांढरा कागद घ्यावा. भरात आलेल्या अळिंबीचा देठ छत्रीच्या पातळीशी कापावा. छत्री कल्ल्यांच्या बाजूने त्या कागदावर अशी ठेवावी की निम्मी काळ्यावर आणि निम्मी पांढऱ्यावर येईल. वर काचेचा पेला किंवा वाडगा पालथा घालून रात्रभर हलवू नये. सकाळी छत्री उचलली की कागदावर कल्ल्यांचा नकाशा उमटलेला दिसतो. प्रत्येक रेघ म्हणजे लाखो बीजाणूंची रास.

धिंगरीचा ठसा पांढरा, दुधी, किंवा किंचित जांभळट-करडा अथवा फिकट गुलाबीसर असतो. जांभळट छटा फक्त दाट थरातच दिसते. तपकिरी, गंजासारखा, गडद जांभळा किंवा काळा ठसा आला, तर ती धिंगरी नव्हे, मग ती वरून कितीही तशी दिसो. कल्ल्यांचा रंग पाहून ठशाचा रंग ठरवू नये. कोवळे असताना पांढरे कल्ले असलेल्या पुष्कळ अळिंबींचा ठसा तपकिरी निघतो.

सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर आणखी एक पायरी पुढे जाता येते. धिंगरीचे बीजाणू गुळगुळीत, पातळ भिंतीचे आणि लांबट दंडगोल असतात, साधारण ८ ते १० मायक्रॉन लांब आणि ३ ते ४ मायक्रॉन रुंद. आयोडिनच्या द्रावणात ते निळे-काळे होत नाहीत.

चकवणारे शेजारी

आपल्याकडे धिंगरीच्या जागी सर्वांत जास्त भेटते ती शिझोफिलम कॉम्यून. सरपणाच्या ढिगावर, कुंपणाच्या खांबांवर तिचे लहान, लवदार, करडे-पांढरे पंखे सतत दिसतात. ती ओळखणे सोपे आहे : तिच्या कल्ल्यांची कड उभी चिरलेली असते आणि कोरड्या हवेत त्या चिरा बाहेर वळतात. मणिपूरमध्ये ती आवडीने खाल्ली जाते, पण ती धिंगरी नव्हे.

दुसरी लेंटिनस प्रजाती. लेंटिनस स्क्वॅरोस्युलस पांढरी असते, लाकडावर झुबक्याने येते, तिचे कल्ले देठावर उतरतात. पण छत्रीवर खवले असतात, कल्ल्यांची कड दातेरी असते आणि गर लवकरच चिवट होतो. नात्याने ती धिंगरीपेक्षा झाडांच्या बुंध्यावर फळीसारख्या येणाऱ्या सच्छिद्र कवकांना जवळची आहे.

क्रेपिडोटस बिनदेठाची, लहान, पातळ. कोवळेपणी पांढरी, पण ठसा मातकट तपकिरी. लेंटिनेलसचे कल्ले करवतीसारखे दातेरी. होहेनब्युहेलिया धिंगरीच्याच कुळातली आहे, छत्रीच्या गरात सरसासारखा पारदर्शक थर असतो, तो पात्याने उभा छेद घेतला की दिसतो.

धोक्याच्या बाबतीत दोन नावे लक्षात ठेवावीत. पहिले ऑम्फॅलोटस. या प्रजातीच्या काही जाती अंधारात प्रकाश देतात आणि इल्युडिन नावाच्या विषामुळे जोरदार उलट्या करवतात. युरोप-अमेरिकेतल्या जाती नारिंगी असल्याने लवकर ओळखता येतात. पण जपानमधली ‘त्सुकियोताके’ तपकिरी असते, बीचच्या लाकडावर येते आणि धिंगरी किंवा शिताके समजून लोक ती खातात. जपानमध्ये अळिंबीच्या विषबाधांमध्ये तिचे नाव वारंवार येते. तिचा देठ उभा कापला की बुडाच्या गरात बहुधा काळसर डाग दिसतो.

दुसरे नाव प्लुरोसिबेला पॉरिजेन्स. पातळ, शुभ्र, सूचिपर्णी वृक्षांच्या कुजक्या खुंटांवर येणारी ही अळिंबी जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. २००४ च्या शरद ऋतूत ती खाल्ल्यानंतर मेंदूला सूज येऊन १७ जण दगावले. त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. त्या वर्षानंतर तिथे ती न खाण्याचा सल्ला दिला जातो. ‘आमच्या आजोबांपासून खातो आहोत’ हा दाखला प्रत्येकाच्या शरीराला लागू पडत नाही, हे या घटनेने दाखवले.

याच संदर्भात काही समजुती टाकून द्यायला हव्यात. लाकडावर उगवलेली अळिंबी विषारी नसते, किड्याने खाल्लेली सुरक्षित असते, चांदीचे नाणे काळे पडले तरच विष असते, असे सर्रास सांगितले जाते. यातले काहीही खरे नाही. समशीतोष्ण प्रदेशात कुजक्या लाकडावरच वाढणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटामध्ये यकृत निकामी करणारी अ‍ॅमाटॉक्सिन विषे असतात. ही विषे चांदी काळी करत नाहीत आणि शिजवल्याने नष्टही होत नाहीत.

रंगाने फसवले, संकराने सोडवले

जातीपर्यंत पोचायचे तर डोळा अपुरा पडतो. भारतातच याचे ठळक उदाहरण आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर प्लुरोटसची लागवड साधली. पुढे संशोधक जंदाइक यांना हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बिया रॉयलियानाच्या खोडांवर एक करडी धिंगरी सापडली. जंदाइक आणि कपूर यांनी १९७४ मध्ये तिची लागवड ‘प्लुरोटस साजोर-काजू’ या नावाने मांडली. ती सोप्या पद्धतीने, उबदार हवेत, भरपूर येत असल्याने देशभर पसरली आणि आजही तिचे बियाणे त्याच नावाने विकले जाते.

पण मूळची ‘साजोर-काजू’ वेगळी आहे. तिच्या देठावर स्पष्ट कडे असते, गर चिवट असतो आणि ती लेंटिनस प्रजातीत बसते. ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ पेग्लर यांनी १९७५ मध्ये हा फरक दाखवून दिला. पेंढ्याच्या पिशव्यांवर वाढणाऱ्या करड्या धिंगरीला असे कडे नसते, ती खरे तर पल्मोनेरियस आहे. देठावर कडे आहे की नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर संपूर्ण प्रजाती बदलते.

रंगाचा भरवसा याहूनही कमी. ऑस्ट्रिएटसची छत्री थंडीत गडद करडी आणि उबदार हवेत फिकट होते. उजेड कमी पडला तर रंग उतरतो. हवा कोंदट झाली तर देठ लांबतो आणि छत्री लहान राहते. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी कसोटी वापरली. एकेका बीजाणूपासून स्वतंत्र कवकजाल वाढवायचे, दोन कवकजाले एकाच बशीत समोरासमोर सोडायची आणि ती जुळतात का ते पाहायचे. जुळली तर तंतूंच्या पेशी जिथे जोडलेल्या असतात, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक आकडीसारखा सांधा दिसतो. वारंवार प्रयत्न करूनही जुळली नाहीत, तर दोन्ही वेगळ्या जातींची. अमेरिकेत रायटास विल्गालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशाच संकरांतून उत्तर अमेरिकेतल्या ऑस्ट्रिएटस गटाच्या जाती वेगळ्या काढल्या. आता डीएनएची जोड मिळाल्याने हे काम अधिक वेगाने होते.

शाकाहाऱ्यांच्या ताटातला शिकारी

धिंगरीची आणखी एक ओळख आहे, ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. लाकडात कर्बोदके भरपूर, पण नत्र फार थोडा. ही उणीव ती शिकारीने भरून काढते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे ग्रेग थॉर्न आणि जॉर्ज बॅरन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की धिंगरीचे तंतू सूत्रकृमींना बधिर करतात, त्यांच्या शरीरात शिरतात आणि त्यांना पचवतात. तंतूंवर आखूड दांडीच्या टोकाला सूक्ष्म गोळे असतात. सूत्रकृमीचा स्पर्श झाला की ते फुटतात. त्यात असते काय, हे तैवानच्या अकॅडेमिया सिनिका संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये उलगडले : ३-ऑक्टॅनोन हे बाष्पनशील रसायन. त्याने सूत्रकृमीच्या पेशींचे आवरण भेदले जाते, आत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि काही मिनिटांत तो निश्चल होतो.

ही गोष्ट निव्वळ कुतूहलाची नाही. प्लुरोटस आणि होहेनब्युहेलिया या दोन्ही प्रजाती सूत्रकृमींची शिकार करतात आणि दोन्ही एकाच कुळात मोडतात. होहेनब्युहेलिया मात्र चिकट गुठळ्यांनी सावज पकडते. म्हणजे नाते ठरवताना छत्रीच्या आकाराइतकीच जगण्याची रीतही पुरावा ठरते.

लागवड आणि जबाबदारी

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जर्मनीत रिचर्ड फाल्क यांनी झाडांच्या खुंटांवर धिंगरी मुद्दाम वाढवली. आज तेच काम भाताचा पेंढा, गव्हाचे काड आणि सोयाबीनचे कुटार यांवर होते. लिग्निन फोडण्याची ताकद असल्यामुळे जनावरेही नीट न पचवू शकणाऱ्या काडापासून धिंगरी अन्न तयार करते. पेंढा भिजवून निर्जंतुक करायचा, पिशवीत थराथराने बियाणे पेरायचे, कवकजालाने पेंढा पांढरा झाला की पिशवी उघडायची आणि साधारण २० ते ३० अंश तापमान व ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता राखायची, असा हा क्रम. सोलनचे अळिंबी संशोधन संचालनालय आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्प यांनी हे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत नेले आहे.

लागवड करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. धिंगरी बीजाणू अतोनात सोडते. बंद खोलीत ते रोज श्वासावाटे गेले, तर खोकला, ताप आणि फुप्फुसांची दाहक अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून छत्रीची कड वर वळण्याआधीच तोडणी करावी, हवा खेळती ठेवावी आणि तोंडाला मास्क लावावा.

दुसरी गोष्ट अधिक दूरची. पूर्व आशियातली पिवळी धिंगरी लागवडीसाठी उत्तर अमेरिकेत गेली आणि गेल्या दशकात तिथल्या जंगलात मोकाट पसरली. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ती जिथे शिरली त्या एल्म वृक्षांच्या लाकडात इतर कवकांची विविधता जवळपास निम्मी आढळली. आपल्या सह्याद्रीत लाकूड कुजवणाऱ्या कितीतरी कवकांची अजून नीट नोंदही झालेली नाही. परदेशी जातीच्या वापरलेल्या पिशव्या रानाच्या कडेला फेकू नयेत. त्यातला पेंढा आधी उकळत्या पाण्याने निर्जीव करून मगच खतात घालावा.

वाचकांसाठी

या पावसाळ्यात ओंडक्यावर पंख्याची रांग दिसली, तर ती जरूर निरखा. झाड, लाकडाची कुज, कल्ल्यांची कड, देठाची जागा आणि कडे यांची नोंद करा, तिन्ही वयांच्या अळिंबींचे वरून-खालून फोटो घ्या आणि रात्री ठसा घ्या. सगळ्या खुणा जुळल्या तर प्रजातीपर्यंत तुम्ही पोचलात, असे म्हणता येईल. पण ही ओळख वहीसाठी आहे, कढईसाठी नाही. मोबाइलच्या अ‍ॅपने किंवा ग्रुपवरच्या फोटोने सांगितलेले नाव ही सूचना समजा, निर्वाळा नव्हे. रानातली कोणतीही अळिंबी प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणाऱ्या जाणकाराने खात्री दिल्याशिवाय तोंडात घालू नका. खायची असेल, तर धिंगरी घरच्या पेंढ्यावर वाढवा. ती स्वस्त आहे, पौष्टिक आहे आणि तिच्या ओळखीबद्दल शंकेला जागा नाही.